लाल दिसलं की फवारा?

भाऊहो, पऱ्हाटीवर लाल काही दिसलं की पंप पाठीवर, हे आता पुरे. बोंडातली सरकी शोषून रुई डागाळतो तो लाल ढेकूण. ढालकिडा हा भुंगेरा, तो मावा खातो. पाठ पहा ना! भुंगेऱ्याचे कडक पंख मधोमध सरळ रेषेत जुळतात, ढेकणाचे एकमेकांवर चढून फुली दिसते. ढालकिड्याची अळी काळपट, नारिंगी ठिपक्यांची. तिलाच लोकं कीड समजून आधी मारतात. दुकानात फोटो दाखवा, किड्याचं नाव कोणी सांगत नाही, बाटली मात्र पुढं येते. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-मजूर गेले. एवढं होऊनही कोणी "फवारा" म्हणत असेल, तर त्याला पहिले विचारा: भुंगेरा आहे का ढेकूण?