मुनीमजींचे आजारपण कोणत्या खात्यावर?

दिवाळीत पेढ्यापेढ्यांतून वहीपूजन होते. केशराने स्वस्तिक रेखाटले जाते, भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण होते आणि नव्या वहीत खाती मांडली जातात : माल, भाडे, हमाली, वीज, पगार, धर्मादाय. एक खाते मात्र बहुतेक वह्यांत आढळत नाही. ते म्हणजे पेढीवर काम करणाऱ्या माणसाच्या आजारपणाचे.

ते नसल्यामुळे काय घडते, हे प्रत्येक बाजारपेठेने पाहिले आहे. वीस-बावीस वर्षे गादीवर बसलेल्या मुनीमजींच्या छातीत एके दिवशी कळ येते. रुग्णालयात दाखल करण्यापूर्वी अनामत रक्कम मागितली जाते. शेठजी धावून जातात, रक्कम भरतात, रात्रभर थांबतातही. घरची मंडळी हात जोडतात. महिन्याभराने मुनीमजी परततात, तेव्हा वहीत त्यांच्या नावावर मोठी उचल लिहिलेली असते आणि ती दरमहा पगारातून वळती होऊ लागते.

शेठजींच्या मनात करुणा नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या करुणेचे रूपांतर कर्जात झाले. ते फिटेपर्यंत मुनीमजींना पगारवाढ मागण्याचा संकोच वाटतो, दुसरी नोकरी पत्करता येत नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तपासणीही ते टाळतात, कारण तिचाही खर्च उचलीतच मिळवला जाणार असतो.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे दोष आश्रितांच्या संदर्भात लागतात, आणि पेढीवरचा माणूस हा आश्रितच आहे. पांजरपोळातील जनावरावर अधिक ओझे लादलेले जे कुटुंब सहन करणार नाही, त्याच कुटुंबाच्या पेढीवर पंधरा-अठरा हजारांच्या पगारावर दोन लाखांचे ओझे बसते. हेही अतिभारारोपणच नव्हे काय? आणि जी उचल माणसाला वर्षानुवर्षे जागचा हलू देत नाही, ती बंधाहून कितीशी वेगळी?

दान आणि देणे

औषधदान हे चार दानांपैकी एक. नेत्रशिबिरे, रक्तदान शिबिरे, डायलिसिस केंद्रे, रुग्णालयातील खाटा यांसाठी जैन समाजाने हात कधी आखडता घेतलेला नाही. तथापि दान आणि देणे यांत अंतर आहे. ज्याच्या श्रमावर पेढी चालते, त्याच्या उपचाराची तरतूद हे देणे आहे; ते पगाराच्या ओळीत बसते, धर्मादायाच्या नव्हे. दान ऐपतीप्रमाणे कमी-अधिक करता येते. देणे मात्र मंदीच्या वर्षीही द्यावेच लागते, म्हणून ते आधी मोजावे लागते.

अडचण खरी आहे. उपचार महाग होत आहेत आणि सामूहिक आरोग्यविम्याचा हप्ता नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा ठरतो. पंधरा-वीस जणांच्या छोट्या गटात एका मोठ्या शस्त्रक्रियेचा दावा आला, तरी पुढल्या वर्षीचा हप्ता चढतो. अशा वेळी दोनच वाटा दिसतात : वाढीव हप्ता निमूटपणे भरणे किंवा विमा बंद करणे. तिसरी वाट आहे, पण तीत थोडा हिशेब करावा लागतो.

प्रथम जे हक्काचे आहे ते

कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ती लागू होते. जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. १५,००० रुपये पगारावर मालकाचे सुमारे ४८८ रुपये आणि कामगाराचे सुमारे ११३ रुपये होतात. महिना सहाशे रुपयांच्या आसपास या रकमेत कामगारासह त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. शिवाय अटी पूर्ण केलेल्या कामगाराला आजारपणाच्या रजेत वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कमही मिळते. मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणे कायद्याला मंजूर नाही.

हजेरीपटावर नऊच नावे ठेवून दहावा माणूस रोखीवर राबवणारी दुकाने आहेत. ती महिन्याला काही शेकडे वाचवतात आणि एका अपघाताच्या भरपाईचा धोका स्वतःच्या डोक्यावर घेतात. व्यवहार म्हणूनही हा सौदा तोट्याचा आहे. सत्य आणि अचौर्य या व्रतांच्या दृष्टीने तर त्याविषयी बोलायलाच नको.

दुसरी हक्काची गोष्ट म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. महाराष्ट्रातील शिधापत्रिकाधारक कुटुंबांना योजनेच्या यादीतील उपचारांसाठी संलग्न रुग्णालयांत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तीत आहे. कर्मचाऱ्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील असतील, तर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे दार त्यांना उत्पन्नाच्या अटीविना खुले आहे. कार्डे काढलेली नसतात, शिधापत्रिकेवरचे नाव आधारशी जुळत नाही, आणि हे सारे रुग्णवाहिका दारात उभी असताना लक्षात येते. पेढीने वर्षातून एक दुपार या कामासाठी द्यावी. जवळची कोणती रुग्णालये योजनेत आहेत, त्याची यादी गल्ल्याजवळ लावावी. या कामाला खर्च जवळपास काहीच नाही.

पोकळी नेमकी कोठे पडते

येथे एक बारकावा आहे, आणि मुनीमजींची गोष्ट त्यातच दडली आहे. राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा २१,००० आहे. माणूस जुना होतो, विश्वासाचा होतो, त्याचा पगार ही रेषा ओलांडतो आणि तो चालू अंशदान कालावधी संपताच योजनेबाहेर पडतो. म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर, रक्तदाब आणि मधुमेह घरात शिरत असतानाच, सर्वांत अनुभवी माणसाचे संरक्षण सुटते. ज्या दिवशी पगारवाढ ठरेल, त्याच दिवशी त्याच्या खासगी विम्याचीही तजवीज व्हावयास हवी.

हा विमा घेताना खर्च आवरण्याचा एक नियम ध्यानात ठेवावा : किरकोळ आणि वारंवार येणारा खर्च पेढीने व कर्मचाऱ्याने वाटून सोसावा, क्वचित येणारा पण घर बुडवणारा खर्च विम्यावर सोपवावा. अनेक पेढ्या नेमके उलटे करतात. औषधांच्या बिलांची सोय हवी म्हणून हप्ता वाढवतात आणि तो परवडावा म्हणून विम्याची रक्कमच कमी घेतात.

त्यापेक्षा तीन लाखांचा मूळ विमा आणि त्यावर दहा लाखांचा सुपर टॉप-अप ही जोडी विचारात घ्यावी. तीन लाखांपर्यंतचा भार मूळ विमा घेतो; त्यावरच्या खर्चासाठीच टॉप-अप लागू होतो, म्हणून त्याचा हप्ता मानाने कमी असतो. साधा टॉप-अप प्रत्येक वेळच्या दाखल होण्याचा हिशेब वेगळा धरतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो. दीर्घ आजारात हा फरक निर्णायक ठरतो.

हप्ता कमी करण्यासाठी खोलीभाड्यावर मर्यादा घातली जाते. ती सरसकट वाईट नाही, पण कर्मचाऱ्याला ती ठाऊक असली पाहिजे. मर्यादा दिवसाला ३,००० रुपयांची आणि खोली ६,००० ची घेतली, तर भाड्यातील फरकच नव्हे, तर डॉक्टर, शस्त्रक्रियागृह इत्यादी संलग्न शुल्कांतूनही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. त्या शुल्कांचा निम्मा बोजा घरावर पडतो. एक ओळ आधी सांगितली असती, तर तो टळला असता.

आईवडिलांचा समावेश केल्यास हप्ता झपाट्याने वाढतो. तो भाग ऐच्छिक ठेवून त्याचा काही वाटा कर्मचाऱ्याने द्यावा, हे न्याय्य आहे. आजारी किंवा वयस्क माणसाचे नावच गटातून वगळून हप्ता उतरवणे मात्र सर्वथा अयोग्य. ज्याच्यासाठी छत्री घेतली, त्यालाच पावसात उभे करण्यासारखे ते आहे.

कराचा विचारही करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर वस्तू व सेवा कर नाही. सामूहिक विम्यावर तो १८ टक्के आहे. त्यामुळे कर्मचाऱ्यांना वैयक्तिक विमा काढून द्यावा, असा विचार पुढे येतो. त्यात नोकरी सुटली तरी विमा माणसाजवळ राहतो, हा मोठा लाभ आहे. परंतु आधीपासून असलेल्या आजारांसाठी त्यात तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सामूहिक विम्यात ही अट बहुधा माफ करून घेता येते. तरुण कर्मचाऱ्याला एक योग्य, मुनीमजींना दुसरा. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य होतो, मात्र तो रोखीने भरलेला चालत नाही.

आजार येण्याआधी

हप्त्याचा चढ रोखण्याचा सर्वांत सात्त्विक मार्ग म्हणजे दावाच कमी उद्भवावा, असे वागणे. वर्षातून एकदा रक्तदाब व रक्तशर्करेची तपासणी, जनऔषधी केंद्रातून मिळणारी स्वस्त औषधे, मसाल्याच्या गोदामात नाकावर मुखपट्टी, दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्यांसाठी बसायला स्टूल, पाठ मोडणाऱ्या पोत्यांऐवजी लहान पोती, वेळेवर जेवणाची सुट्टी. अन्नपाननिरोध टळतो, अतिभारारोपणही टळते. मात्र तपासणीचा निकाल कर्मचाऱ्याच्या हाती द्यावा. तो पाहून माणसे कमी करण्याचा मोह झाला, तर पुढल्या वर्षी तपासणीला कोणी येणार नाही.

एवढी तजवीज करूनही काही बिले विम्याबाहेर उरतीलच. त्यासाठी पेढीने दरमहा पगाराच्या बेरजेतील एक ठरावीक अंश बाजूला ठेवावा आणि त्यातून कोणाला किती मदत परतफेडीविना मिळेल, हे आधीच लिहून ठेवावे. लिहिलेले असले, म्हणजे मुनीमजींच्या पत्नीला शेठजींसमोर हात जोडावे लागत नाहीत. तिला फक्त कागद दाखवावा लागतो.

येत्या वहीपूजनाच्या दिवशी धर्मादायाच्या पानाआधी हे एक पान उघडावे. बोनसच्या पाकिटाबरोबर आणि मिठाईच्या पुड्याबरोबर प्रत्येकाच्या हाती त्याच्या आरोग्यकार्डाची प्रत द्यावी, रुग्णालयांची यादी द्यावी आणि अडचणीच्या रात्री कोणाला दूरध्वनी करायचा, ते नाव लिहून द्यावे. मुनीमजींच्या नावावर जुनी उचल शिल्लक असेल, तर तिचे काय करायचे, याचाही विचार त्याच दिवशी व्हावा.