अर्ध्या किलोचा केक

आमच्या छत्रपति संभाजीनगरांत घरीं केक करून विकणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. अर्धा किलो मागणारे त्यांस बहुधा किलोच्या निम्माच भाव देऊं करितात. हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मैदा-साखर निम्मी लागते खरी. परंतु ओव्हन तापविणें, क्रीम फेटणें, नांव लिहिणें, भांडीं घांसणें हे श्रम निम्मे कोठें होतात? कित्येक घरीं मुलांची फी ह्याच पैशांतून जाते, हें पालकांनीं घासाघीस करतांना ध्यानांत आणावें. तथापि भगिनींनीं लहान मागणी परतवूं नये. मुंबईंत १९५९ सालीं ७ स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन आरंभिलेला लिज्जत पापड प्रथम चार पाकिटांचाच होता! दोन-तीन मागण्यांचे केक एकाच वेळीं भाजावे, भाव श्रम मोजून सांगावा आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी; ह्यांत संकोच कसला?