शीर घरी, खुर्मा शाळेत

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की घरोघरी शेवया, खारीक, चारोळीची यादी होते. शिंप्याकडे दोन खेपा होतात, फित्र्याचा हिशेब होतो. एक गोष्ट मात्र ईदच्या रात्री पाहुणे गेल्यावर, अकरा वाजता आठवते. डोळे मिटता मिटता लेकरू विचारते, "अम्मी, कल स्कूल में क्या ले जाऊं? सगळ्यांनी ईदचं आणायला सांगितलंय." मग अम्मी पातेल्यात उरलेल्या शीरखुर्म्याकडे पाहते आणि झाकण घट्ट बसणारा डबा शोधू लागते.

भगिनींनो, हा डबा शोधू नका. झाकण कितीही घट्ट असो, शीरखुर्मा दप्तरात सांडतोच. भूगोलाच्या वहीला चिकटलेल्या शेवया आम्ही स्वतः सोडवल्या आहेत. आणि सांडला नाही तरी मार्च-एप्रिलच्या उकाड्यात आदल्या दिवशीचे दूध मधल्या सुट्टीपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही. शिवाय चाळीस मुले, वाट्या किती, चमचे किती?

उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना या शब्दाची फोड करून सांगतो. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. दोन्ही शब्द फारसीतले. तेव्हा सोपा उपाय असा की शीर घरी ठेवावे आणि खुर्मा शाळेत पाठवावा.

हा प्रश्न आताच का, असे काही जणींना वाटेल. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2019 ते 2022 ही चार वर्षे रमजान ईद मे-जूनच्या सुट्टीत आली, त्यातही दोन वर्षे टाळेबंदीची. ईदचा डबा शाळेत नेणे म्हणजे काय, हे त्या वयाच्या मुलांना ठाऊकच नव्हते. आता ईद मार्चमध्ये आली आहे, पुढे फेब्रुवारीत जाईल. म्हणजे शाळा अगदी भरात असताना, आणि दुसऱ्याच दिवशी वर्ग.

2024 ची ईद 11 एप्रिलला, गुरुवारी होती. शुक्रवारी सकाळच्या शाळेत तिसरीतला एक मुलगा मोठा डबा घेऊन आला. नवा सदरा, डोळ्यांत सुरमा, आणि डब्यात सुबक कापलेल्या केकच्या वड्या. मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडला. पहिल्याच मुलीने विचारले, "यात अंडं आहे का?" तो म्हणाला, "माहीत नाही." तिने हात मागे घेतला. तिच्या शेजारणीने घेतला. मग एकेक करत सगळी बाकेच मागे सरकली. दोघा-तिघांनी खाल्ले, पण तेही इकडेतिकडे बघत. आम्ही त्या वेळी कोपऱ्यात वह्या तपासत होतो. मान वर केली तेव्हा तो डबा बंद करून दप्तरात ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी आली. "बाई, डब्बा जैसा के वैसा वापस आया. क्या बोले बच्चे इसको?" कोणी काही वाईट बोलले नव्हते, तेच तिला सांगितले. मग विचारले, केकमध्ये काय काय होते? रवा, दही, साखर, तूप. अंडे नव्हतेच! पोराला फक्त ते माहीत नव्हते, आणि आम्हाला विचारायचे सुचले नव्हते. ती गप्प बसून राहिली. आम्हालाही पुढे काही बोलवेना.

अशा वेळी आपल्या मनात पटकन येते की आपल्या घरचे म्हणून नाकारले. कधी तसे असतेही. नसतेच असे आम्ही म्हणणार नाही. पण दर वेळी तेच कारण धरून बसू नये. आपण आपल्या मुलांना काय शिकवतो? वाढदिवसाला वाटलेली जेली घेऊ नको, त्यात जिलेटिन असेल. बेकरीतला पफ असला तर आत काय आहे ते आधी विचार. आपले मूल विचारते तेव्हा आपल्याला त्याचे कौतुक वाटते. मग दुसऱ्या आईने आपल्या मुलीला "अंडं आहे का विचार" असे शिकवले, तर राग कशाला? जैन घरातली मुले मधही खात नाहीत. कुणाचा उपवास असतो. कुणाला शेंगदाण्याने अंगावर पित्त उठते, आणि हे तर जिवावर बेतणारे असू शकते. प्रश्न येणारच. आपल्या मुलाकडे उत्तर हवे, एवढेच.

म्हणून पहिले काम स्वयंपाकघरातले नाही. ईदच्या आठवडाभर आधी वर्गशिक्षकांना विचारावे: घरचे पदार्थ चालतात का, पट किती आहे, कुणाला कशाची ॲलर्जी आहे का. काही शाळांत घरचे खाणे वाटायला मनाई असते. तिथे वाद न घालता हिरव्या खुणेचे साधे पाकीटबंद बिस्किट द्यावे किंवा काहीच देऊ नये.

आता पदार्थ. आमच्या मते सर्वांत बरा म्हणजे खजुराचा लाडू. इफ्तारसाठी आणलेला, कुणी हदिया म्हणून दिलेला खजूर ईदनंतर घरात उरलेलाच असतो. अर्धा किलो खजूर घ्यावा, बिया काढून, प्रत्येक खजूर उघडून पाहावा (आत कधी किडा, कधी बुरशी निघते, हे काम घाईने करू नये). 100 ग्रॅम सुके खोबरे किसून मंद भाजावे. 100 ग्रॅम डाळे, म्हणजे चिवड्यात घालतो ते, जरा गरम करून मिक्सरमधून काढावे. कढईत दोन चमचे तूप टाकून खजूर चार-पाच मिनिटे परतला की लोण्यासारखा मऊ होतो. विस्तव बंद करून खोबरे, डाळ्याचे पीठ, 50 ग्रॅम भाजलेले तीळ आणि वेलची घालावी. कोमट असताना हाताला तूप लावून मोठ्या सुपारीएवढे लाडू वळावेत. इतक्या मापात पन्नासच्या आसपास होतात, म्हणजे वर्ग आणि शिक्षक मिळून पुरतात. साखर नाही, मध नाही, शेंगदाणा नाही, दूध नाही. चार दिवस बाहेर छान राहतात, त्यामुळे चाँदरातीच्या गडबडीआधीच करून ठेवता येतात. बदाम-काजू घालायचा मोह होईल, पण वर्गासाठी तो आवरावा. पाहुण्यांसाठी दुसरा घाणा करा, त्यात हवे ते घाला.

ज्यांना शेवयांशिवाय ईद वाटतच नाही त्यांनी वड्या कराव्यात. 200 ग्रॅम बारीक शेवया हाताने चुरून तुपात बदामी रंगावर परतायच्या, त्यावर 400 ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा ओतून मिश्रण कढई सोडेपर्यंत हलवायचे, तूप लावलेल्या ताटात थापायचे. पस्तीस-चाळीस वड्या पडतात. या मात्र आदल्या दिवशी कराव्यात, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी न्याव्यात आणि पहिल्या सुट्टीतच वाटाव्यात.

नानखटाईबद्दल काय सांगावे! आमच्या लहानपणी मैदा, डालडा, पिठीसाखर डोक्यावर घेऊन मोहल्ल्याच्या बेकरीत जायचे आणि आपला नंबर येईपर्यंत भट्टीसमोर बसायचे. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आपल्या नानखटाईवर चारोळीची खूण करायची. तीच बेकरी, तेच पत्रे दिवाळीच्या आधी शेजारच्या काकूंचे असायचे. आजही जवळ अशी बेकरी असेल तर मुलाला एकदा घेऊन जा. डालड्याऐवजी तूप घातले तर उत्तम. घरी करायची असेल तर दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी तूप, चिमूटभर खायचा सोडा एवढे पुरते. तूप जास्त झाले की ती पसरते, आणि मग मुले तिला बिस्किट म्हणतात.

काहीही करा, पण मुलाला सोबत घेऊन करा. वळायला बसवा, आणि वळता वळता विचारा, आत काय काय आहे? खजूर, खोबरं, डाळं, तीळ, तूप, वेलची. सहा नावे. हा पाठ मराठीतच घ्या, कारण वर्गात त्याला मराठीतच सांगायचे आहे. आणि हेही आधीच सांगून ठेवा की कुणी नको म्हणाले तर "बरं" म्हणून पुढच्याकडे जायचे, आग्रह करायचा नाही. एवढ्याने मुलाला वाईट वाटणार नाही असे नाही, पण निदान ते अचानक अंगावर येणार नाही.

आणखी एक. वर्गात आपली तीन-चार मुले असतील तर सगळ्या अम्मींनी मिळून एकच डबा करावा. एकीचा चांदीच्या वर्खाचा आणि दुसरीचा काहीच नाही, हे चित्र आम्ही पाहिले आहे. जिच्या घरी या वर्षी हात तंग आहे तिने वळायला यावे. तिचे मूलही तोच डबा घेऊन वाटायला उभे राहील.

2025 मध्ये पाडवा 30 मार्चला होता आणि ईद 31 ला. 1 एप्रिलला वर्ग भरला तेव्हा निम्म्या मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी होत्या. आमचा तो मुलगा आता चौथीत. या वेळी त्याच्या अम्मीने आधी येऊन विचारले होते, आणि चैत्रातल्या नवरात्राचे उपवास सुरू असतील म्हणून डाळ्याऐवजी राजगिऱ्याच्या लाह्या दळून घालायच्या आणि तीळ गाळायचे, असे आम्ही दोघींनी ठरवले होते. त्याने डबा उघडला आणि कुणी विचारायच्या आधीच सगळी यादी म्हणून दाखवली, पाढे म्हणतात तशी. एकाने नको म्हटले. "बरं," म्हणून तो पुढे गेला. शिक्षकांच्या खोलीत नवरात्राचा उपवास धरलेल्या एका बाईंनी दोन लाडू घेतले आणि राजगिरा किती घातला ते विचारले. तेवढे मात्र त्याला सांगता आले नाही.

डबा रिकामा घरी गेला नाही. त्यात गाठींचे तुकडे होते, दहा-बारा तरी. त्याच्या अम्मीने संध्याकाळी फोन करून विचारले, "बाई, ये शक्कर का क्या है? दूध में डालूं तो चलेगा?"