शंभर विरुद्ध शंभर

सध्या कुठल्याही पार्टीत जा, ट्रेकला जा, नाहीतर ऑफिसातल्या कुणाच्या तरी बर्थडेला. केक कापायच्या आधी कुणीतरी खिशातून एक चपटा, कडा घासलेला डिजिटल कॅमेरा काढतंच. आणि काढणारे कोण? तर ज्यांच्या फोनच्या पाठीवर तीन-तीन लेन्स चिकटवलेल्या आहेत तेच! २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते आणि त्यातले बहुतेक सगळे असे खिशात मावणारे कॉम्पॅक्ट होते. मग स्मार्टफोन आले आणि या बिचाऱ्यांची रवानगी थेट ड्रॉवरमध्ये झाली, जुने चार्जर आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या सोबतीला. आता तेच पुन्हा बाहेर येतायत.

दुसरीकडे ऑनलाइन सेल लागला रे लागला की 'एंट्री-लेव्हल मिररलेस' ईएमआयवर खुणावायला लागतो. मग ऑफिसच्या कँटीनमध्ये हमखास चर्चा रंगते. नवा मिररलेस घ्यावा की घरातला जुना कॉम्पॅक्ट पुसून वापरावा?

नुसती हवेतली चर्चा करण्यात मजा नाही. दोन ठरावीक कॅमेरे समोरासमोर ठेवूया. एक सोनीचा आरएक्स१००, २०१२ चा. दुसरा कॅननचा ईओएस आर१००, २०२३ चा. नावात दोघांच्याही शंभर, त्यामुळे लढत कशी बरोबरीची वाटते! आणखी एक गंमत. अमेरिकेत बाजारात आला तेव्हा आरएक्स१००ची किंमत ६५० डॉलर होती आणि आर१०० लेन्ससकट आला ६०० डॉलरला. म्हणजे आपण ज्याला 'जुना छोटा' म्हणतोय, तो त्याच्या तरुणपणी जास्त महागडा होता. त्याला कमी लेखू नका.

कागदावर मात्र आर१०० आरामात जिंकतो. सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो तुकडा, त्याचा साधारण २२ बाय १५ मिलिमीटरचा आहे. सोनीचा १३ बाय ९ च्या आतबाहेर. क्षेत्रफळ काढलं तर कॅननचा जवळपास पावणेतीन पट मोठा. मेगापिक्सेल २४ विरुद्ध २०, तो फरक सोडून द्या. फोकस नवा, डोळा ओळखणारा. डोळा लावून बघायला व्ह्यूफाइंडर आहे. फोटो फोनवर पाठवायला वाय-फाय, ब्लूटूथ आहे. सोनीकडे यातलं काहीच नाही. फोटो हवे असतील तर कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, चांगली शिस्त लागते!

मग संपलं की. घ्या मिररलेस. थांबा जरा, खरा फंडा पुढे आहे.

सेन्सर हा हौद आहे असं समजा आणि लेन्स म्हणजे नळ. नळाला पाणी अर्धाच तास येतं. आता हौद केवढाही मोठा बांधलात आणि नळाची धार करंगळीएवढी असली, तर अर्ध्या तासात किती भरणार? शेजारच्यांचा हौद लहान असेल, पण त्यांच्याकडे धो धो नळ असला तर पाणी त्यांच्याकडेच जास्त. फोटोत हा अर्धा तास म्हणजे शटर उघडं राहतं तो क्षण, आणि नळाचं तोंड म्हणजे लेन्सचं अ‍ॅपर्चर. 'एफ'पुढचा आकडा जितका लहान, तितकं हे तोंड मोठं.

आर१००सोबत खोक्यात जी लेन्स येते तिचं तोंड झूम न करता उघडतं एफ/४.५ इतकं. आरएक्स१००चं उघडतं एफ/१.८. या दोन आकड्यांमधला फरक वर्गात मोजायचा असतो. म्हणजे सोनीच्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सव्वासहा पट उजेड पडतो. सेन्सर पावणेतीन पट लहान आहे हे वजा घातलं तरी एकूण उजेड कॅननच्या दुपटीहून जास्तच. अकरा वर्षांनी म्हाताऱ्या कॅमेऱ्यात! हे कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत, कारण जाहिरातीत सेन्सरचा आकार असतो, लेन्सचा आकडा खाली बारीक अक्षरात.

हा हिशोब खरा कळला तो आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीमुळे. तिची आज्जी वाईला असते. वय नव्वदीच्या घरात, जुनं घर, आणि आज्जीचा दिवस जातो माजघरात. माजघराला एक खिडकी, तीही अंगणातल्या पेरूच्या झाडाने अर्धी झाकलेली. आज्जी आता नावं विसरायला लागलीय. नातीला कधी आत्याच्या नावाने हाक मारते. मैत्रिणीला तिचे फोटो हवेत. सणाचे, साडी नेसवून खुर्चीत बसवलेले नकोत, रोजचे हवेत. वाती वळताना, पेपर डोळ्यांजवळ धरून वाचताना. त्यासाठी ती आर१०० ईएमआयवर घ्यायला निघाली होती आणि तिच्या भावाने कधीकाळी घेतलेला आरएक्स१०० घरात पडून होता.

आमच्या टीममधल्या एकाकडे आर१०० आहे, सोबत आलेल्या लेन्ससकट. तो मागून घेतला आणि एका शनिवार-रविवारी ती दोन्ही कॅमेरे घेऊन वाईला गेली.

माजघरात वाती वळणारे हात हलतात, म्हणून शटर निदान सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतकं तरी वेगवान हवं. तेवढ्या उजेडात सोनीचा आयएसओ गेला १६००वर. तोच फोटो तेवढ्याच वेगाने काढायला कॅननला लागला १००००! आयएसओ वाढवला की कॅमेरा मिळालेला थोडासा उजेड ताणून मोठा करतो, आणि त्याबरोबर दाणेही मोठे होतात. ते पुसायला गेला की बारकावे पुसले जातात. लॅपटॉपवर दोन्ही फोटो शेजारी लावले तर कॅननच्या फोटोत आज्जीच्या हातावरच्या सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत झालेल्या. सोनीच्या फोटोत दाणे होते, पण सुरकुत्या शिल्लक होत्या, बोटांना चिकटलेला कापसाचा तंतूसुद्धा.

आणि दुसरी गोष्ट, जी कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये सापडत नाही. आर१०० लेन्ससकट भरतो साधारण ४८५ ग्रॅम, आरएक्स१०० त्याच्या अर्धा, २४० ग्रॅम. पण प्रश्न वजनाचा नाही. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की आज्जी पदर सारखा करते, केस मागे घेते आणि रेशनकार्डावरच्या फोटोसारखी ताठ बसते. "थांब गं, नीट बसू दे!" छोटा कॅमेरा हातात असला तर तिचं लक्षच नसतं. ती वाती वळत राहते, मध्येच विचारते, "जेवलीस का?" आणि फोटो निघून गेलेला असतो.

तर निकाल सोनीच्या बाजूने? माजघरापुरता, हो. पण त्याच दिवशी संध्याकाळी चुलतभावाचा चार वर्षांचा मुलगा अंगणात आला आणि सामना फिरला. पळत्या पोराच्या डोळ्यावर आर१००चा चौकोन चिकटला तो सुटेचना. सोनी बिचारा पुढे-मागे, पुढे-मागे फोकस शोधत राहिला, तोपर्यंत पोरगं नळावर जाऊन पाय भिजवून परत! त्या काळच्या कॉम्पॅक्टची ही कायमची दुखरी बाजू. दुसऱ्या दिवशी मेणवलीच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, भर दुपारी तर सोनीच्या स्क्रीनवर स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नव्हतं. तिथे व्ह्यूफाइंडरची किंमत कळते.

झूमचंही तसंच. सोनीचं धो धो तोंड फक्त झूम न करता. झूम करत गेलात की ते झपाट्याने आवळत जातं आणि पूर्ण झूमला एफ/४.९वर येतं. कॅननचं पूर्ण झूमला एफ/६.३, पण तिथे मोठा सेन्सर कामी येतो आणि एकूण उजेडात तो पुढे जातो. मात्र सोनी तेव्हा जास्त लांबचं जवळ आणत असतो, हेही खरं.

मग आर१०० कुणी घ्यावा? माझं स्पष्ट मत सांगू? ज्याला दुसरी लेन्स घ्यायची आहे त्याने. मिररलेस म्हणजे कॅमेरा नव्हे, तो एक दरवाजा आहे, आणि आपल्याकडे बरेच जण दरवाजा विकत घेऊन उंबऱ्यावरच बसून राहतात. कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ ही आरएफ लेन्स १६० ग्रॅमची आहे आणि या घराण्यातली त्यातल्या त्यात स्वस्त. ती लावली की तोंड सोनीएवढंच उघडं आणि हौद पावणेतीन पट मोठा. मग माजघर असो की अंगण, सोनीने गप्प बसावं. फक्त एक अडचण. या सेन्सरवर ती ८० मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे बरीच जवळची चौकट. वन बीएचकेत चार जणांचा फोटो काढायचा तर तुम्हाला भिंतीला पाठ टेकून, मग दार उघडून, मग जिन्यात जावं लागेल. घरासाठी २८ मिलिमीटरची चपटी लेन्स सोयीची, पण तिचं तोंड एफ/२.८. गणित केलं तर ती आरएक्स१००च्या जेमतेम पुढे जाते. अख्खा कॅमेरा आणि वर एक लेन्स घेऊन जेमतेम पुढे!

म्हणून कॅमेऱ्याचं बजेट ठरवताना लेन्स आधी धरा, बॉडी मागून. हप्त्यांत दोन्ही बसत नसतील तर यंदा थांबा. घरात चांगला कॉम्पॅक्ट असेल तर तोवर तो वापरा. मात्र 'चांगला' म्हणजे एक इंचाच्या वर्गातला. २००७-०८चा शर्टाच्या बटणाएवढ्या सेन्सरचा कॅमेरा फ्लॅश मारून पार्टीत धमाल दिसतो, माजघरात नाही. आणि फोनचं काय, असं विचारणारे आहातच. फोन पाचदहा फोटो जोडून एक बनवतो, स्थिर गोष्टींसाठी मस्तच. हलत्या हातांचं मात्र तो कधी कधी भलतंच काही शिवून ठेवतो.

कॉम्पॅक्ट सेकंडहँड घेणार असाल, मुंबईत फोर्टच्या बोरा बझारात किंवा ओळखीतून, तर तीन गोष्टी बघा. झूम पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, अडखळला किंवा कुरकुरला तर हात जोडून परत द्या, कारण आत सरकणारी लेन्स हीच या कॅमेऱ्यांची सगळ्यात नाजूक जागा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, करडे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. आणि बॅटरी फुगलेली नाही ना? आरएक्स१००ची बॅटरी पुढच्या कित्येक मॉडेलना तीच होती, अगदी २०१९च्या सातव्या आवृत्तीलाही, त्यामुळे ती मिळण्याचं फार टेन्शन नाही.

मैत्रिणीने ईएमआय सध्या तरी रद्द केलाय. दिवाळीपर्यंत सोनी, मग भाचा जरा शाळेत पळायला लागला की लेन्ससकट मिररलेस, असा बेत आहे. तिला लिहून दिलेली चिठ्ठी तुम्हालाही देते. मोड 'ए'वर ठेवा, एफ/१.८. आयएसओ ऑटो, कमाल १६००. झूमला हात लावायचा नाही, दोन पावलं पुढे जायचं. शटर फार हळू व्हायला लागलं तर आज्जीलाच खिडकीकडे तोंड करून बसायला सांगा, आयएसओ वाढवण्याआधी. फ्लॅश लावावाच लागला तर वर आलेला फ्लॅश बोटाने हलकेच मागे ढकलून धरा, उजेड पांढऱ्या छताला आपटून मऊ होऊन खाली येतो. छत लाकडी, काळं असेल तर ही युक्ती विसरा.

आणि ड्रॉवरमधून काढलेल्या कॅमेऱ्यात सगळ्यात आधी तारीख लावा. इतकी वर्षं बॅटरी उतरून पडलेली असते, घड्याळ पार मागे गेलेलं असतं. नाहीतर यंदाच्या दिवाळीतली आज्जी लॅपटॉपवर २०१२च्या फोल्डरमध्ये जाऊन बसायची आणि पुढे कुणालाच सापडायची नाही.