ठाव आणि बाण

वेरूळच्या पंधराव्या, म्हणजे दशावतार लेण्याच्या वरच्या मजल्यावर फारसे कुणी चढत नाही. बहुतेकांचे पाय शेजारच्या कैलासाकडे वळतात. आम्ही एम. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन जातो तेव्हा मात्र हा जिना चुकवत नाही. वर त्रिपुरांतक शिवाचे शिल्प आहे. आकाशात फिरणारी असुरांची तीन नगरे एका रेषेत येतील त्या क्षणी एकाच बाणाने भेदायची, ही ती कथा. मागच्या सहलीत त्या शिल्पापुढे एक विद्यार्थी उत्साहाने म्हणाला, "सर, हे तर रॉकेटच झालं! आपल्याकडे सगळं आधीच होतं."

या वाक्याची आम्हाला आता सवय झाली आहे, आणि त्याला झटकून टाकण्याचीही. पुराणकथा हे यंत्रशास्त्राचे टिपण नव्हे, एवढे सांगून आम्ही पुढे निघतो. त्या दिवशी मात्र पाय अडले. कारण त्याच दालनात दुसरे एक शिल्प आहे, लिंगोद्भवाचे. आदि-अंत न लागणाऱ्या तेजस्तंभाचा तळ शोधायला विष्णू वराह होऊन खाली जातो आणि शेंडा शोधायला ब्रह्मदेव वर झेपावतो. एका शिल्पात उंचीचा ठाव घेणे आहे, दुसऱ्यात उंचीवरचा वेध. अग्निबाणांचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास या दोन कृतींमध्येच येरझाऱ्या घालतो, असे आमचे मत आहे. आणि मराठीच्या अध्यापकांनी तो वाचला पाहिजे असा आमचा आग्रह आहे.

इंग्रजीत ज्याला 'साउंडिंग रॉकेट' म्हणतात त्याचा आवाजाशी काही संबंध नाही. पूर्वीचे खलाशी दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली मोजत. त्या मोजण्याचा हा शब्द. मराठीत यासाठी 'ठाव घेणे' हा सुरेख प्रयोग आहे. आपण मनाचाही ठाव घेतो. संशोधनाचे बलून साधारण चाळीस किलोमीटरपर्यंत पोचतात आणि उपग्रह फार खाली उतरले तर टिकत नाहीत. मधला पट्टा मोजायचा तर हे अग्निबाणच हवेत. उपकरणे घेऊन वर जायचे, काही मिनिटे मोजमाप करायचे आणि खाली कोसळायचे. (त्रिशंकूपेक्षा यांचे बरे. अधांतरी लटकावे लागत नाही.)

पण या निरुपद्रवी मोजणाऱ्याचे कुळ पाहिले की आपण गप्प होतो. जून 1944 मध्ये जर्मन व्ही-2 अग्निबाणाने चाचणीत 176 किलोमीटरची उंची गाठली. मानवनिर्मित वस्तू अवकाशात पोचली ती तेव्हा. काही महिन्यांतच तेच यंत्र लंडन आणि अँटवर्पवर कोसळू लागले. ते बनवण्यासाठी डोरा छळछावणीतल्या कैद्यांना भुयारांत राबवले गेले आणि त्यांतले हजारो मेले. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने हस्तगत केलेले व्ही-2 न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून उडवले. टोकाला स्फोटकांच्या जागी शास्त्रज्ञांची उपकरणे होती. 24 ऑक्टोबर 1946 रोजी अशाच एका बाणावरच्या कॅमेऱ्याने अवकाशातून पृथ्वीचे पहिले छायाचित्र टिपले. लष्कराला क्षेपणास्त्र शिकायचे होते आणि शास्त्रज्ञांना वातावरण. दोघांची सोय एकाच उड्डाणात झाली.

आपली कथा याच धाग्याला जोडलेली आहे. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. चुंबकीय विषुववृत्त जवळून जाते म्हणून विक्रम साराभाईंनी हे गाव पसंत केले होते. जागेच्या शोधात त्यांच्यासोबत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. मासेमारांच्या वस्तीतले चर्च कार्यशाळा झाले. संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग पसरला आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांची दिशा कळली. हे सारे आपल्याला रम्य वाटते, आणि ते रम्य आहेही. पण त्या अग्निबाणाचे नाव होते 'नायकी-अपाची'. नायकी म्हणजे ग्रीकांची विजयदेवता. अपाची ही अमेरिकी सैन्याने पिढ्यान्‌पिढ्या लढून नमवलेली जमात. त्याचा पहिला टप्पा अमेरिकी शहरांच्या रक्षणासाठी बनवलेल्या विमानवेधी क्षेपणास्त्राचा होता. नावांतून इतका इतिहास सांडत असताना तो टिपायला साहित्याचा विद्यार्थी नको, तर कोण हवा?

पुढे आपण आपली नावे ठेवली. 1967 मध्ये 'रोहिणी' मालिकेतला पहिला छोटा बाण उडाला. हवामानाच्या अभ्यासासाठीच्या एका मालिकेला 'मेनका' म्हटले. स्वर्गातून खाली धाडलेल्या अप्सरेला कुणीतरी पुन्हा वर पाठवले, हा विनोद त्या अभियंत्यांना जाणवला असेल काय? त्याच वर्षी पुण्याचे वसंत गोवारीकर थुंब्याला रुजू झाले आणि घन इंधनाच्या कामात त्यांनी मोठी कामगिरी केली. घन इंधनाची ती विद्या जुलै 1980 मध्ये एस.एल.व्ही.-3 ला यशस्वी करून गेली. मग 22 मे 1989 ला 'अग्नी'ची पहिली चाचणी झाली. त्याचा पहिला टप्पा एस.एल.व्ही.-3 च्याच पहिल्या टप्प्यावर बेतलेला होता. मोजणाऱ्यांची नावे रोहिणी आणि मेनका. मारणाऱ्यांची अग्नी, त्रिशूल, नाग. नामकरणातला हा लिंगभेद आमच्या वर्गात अजून कुणी निबंधाचा विषय केलेला नाही.

शस्त्रे नकोत असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. थुंब्याचे उड्डाण 1962 च्या पराभवानंतर वर्षभरातले आहे, हे विसरून कसे चालेल? आमची तक्रार मराठी वाचनव्यवहाराबद्दल आहे. 'अग्निपंख' आमच्या विद्यार्थ्यांनी शाळेतच वाचलेले असते. त्यात कलामांनी उपग्रह आणि क्षेपणास्त्र या दोन्ही वाटा सांगितल्या आहेत. वाचकाने त्या अभिमानाच्या एकाच गाठोड्यात बांधल्या. आपल्या विज्ञानकथेत अग्निबाण बहुधा परग्रहाकडे जाण्याचे वाहन म्हणून येतो. तो कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या भीतीने उडतो, हा प्रश्न तिथे क्वचितच दिसतो. आमच्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे की विळीने भाजीही चिरता येते आणि बोटही. विळीचा काय दोष? पण विळी कुणी बोट कापण्याच्या अनुदानातून बनवलेली नसते.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासमंडळाच्या बैठकीत विज्ञानसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत असे लेखन घ्यावे, असे आम्ही सुचवले होते. "हा साहित्याचा विषय नाही," असे उत्तर मिळाले आणि चहा आला. असो. मोल्सवर्थच्या कोशात 'बाण' या शब्दाला धनुष्याचा तीर आणि दारूचा बाण हे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या भाषेने ही दोन रूपे कधी वेगळी मानलीच नाहीत. निदान भाषेच्या अभ्यासकाला तरी हा विषय परका नसावा.

पुन्हा त्या दालनाकडे येऊ. त्रिपुरांतकाच्या रथाला चार वेद घोडे म्हणून जुंपलेले आहेत आणि रथ हाकतो आहे ब्रह्मदेव. तेजस्तंभाचा शेंडा शोधायला निघालेला, आणि पुराण सांगते त्याप्रमाणे शेंडा सापडल्याचे खोटे सांगणारा, तोच. हे दाखवून आम्ही मुलांना विचारले, "ज्ञानाला युद्धाच्या रथाला जुंपले, तेव्हा घोड्यांना विचारले असेल का?" कुणी बोलले नाही. मघाचाच विद्यार्थी जरा वेळाने म्हणाला, "घोड्यांचं सोडा सर, ब्रह्मदेवाला तरी दुसरी नोकरी कुठे होती?"

खालून पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. लेणी बंद व्हायची वेळ झाली होती. जिना अंधारा आहे, म्हणून आम्ही मुलांना एकेक करून उतरवले. उत्तर आम्ही दोघे अजून शोधतो आहोत.