मेंदूचा कासरा

कोणास फेफरे आले की आपल्या सदलगा-निपाणीच्या गावांतून प्रथम धावाधाव होते ती कांद्यासाठी, नाही तर चपलेसाठी. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतो आणि श्रेय मात्र चपलेच्या पदरी पडते!

खरा प्रकार मेंदूत घडत असतो. तेथील पेशी एकमेकींस निरोप धाडतात ते रासायनिक दूतांकरवी. ग्लुटामेट नावाचा दूत पेशींना चेतवितो. गाबा नावाचा दूत त्यांना आवरतो. गाबा मेंदूत असतो हे 1950 साली अमेरिकेत युजीन रॉबर्ट्स प्रभृती संशोधकांनी दाखवून दिले. बैल कितीही जोमदार असले तरी कासरा हाती असेपर्यंत गाडी वाटेवर राहते. तो सुटला की दैना. तद्वत चेतना व आवर यांचा तोल ढळला म्हणजे असंख्य पेशी एकाच वेळी उसळतात आणि माणूस कोसळतो. डोक्यास झालेली जुनी इजा, जन्मसमयीचा त्रास, मेंदूत शिरलेले फीतकृमीचे कोष, अशी त्याची कारणे अनेक आहेत.

फेनोबार्बिटोनची गोळी 1912 पासून वापरात आहे. ती गाबाचा आवर बळकट करते. मेंदूस तिची सवय जडते. म्हणून ती एकाएकी बंद केल्यास झटक्यांमागून झटके येऊन प्राणावर बेतू शकते. आणि आपल्या घरांतून गोळी बंद होते ती केव्हा? वर्षभर झटका आला नाही म्हणून, किंवा मुलीस पाहावयास पाहुणे येणार म्हणून! वास्तविक योग्य औषधाने शंभरांपैकी सुमारे सत्तर रुग्णांचे झटके थांबू शकतात. गोळी कमी करावयाची ती डॉक्टरांनीच, हळूहळू.

या लपवाछपवीस जुन्या समजुतींचाही आधार होता. 1917 च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार अपस्मारी पुरुषास गुरुदीक्षा घेण्यास आडकाठी होती. 1983 च्या कायद्यात या रोगाचे नावही उरले नाही.

जागरणाने झटक्यास निमंत्रण मिळते. तेव्हा अशा मुलाने नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेऐवजी सकाळची मिस्सा ऐकावी. त्यात भक्तीची उणीव नाही. त्याला दूधगंगेत किंवा विहिरीवर एकटे पोहावयास धाडू नये. झटका आलाच, तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा वा पाणी घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटे उलटली तर विलंब न लावता इस्पितळ गाठावे.