फाटक बंद, इंजिन चालू

आमच्या गावात बाजारातून शाळेकडे जाताना रेल्वेचे फाटक लागते. दिवसातून कितीतरी वेळा ते बंद होते. मालगाडी असली, तर पाच-सहा मिनिटे सहज जातात. रिक्षा, मोटारी, टेम्पो यांची रांग लागते. जागचे कोणीच हलत नाही. पण जवळजवळ सगळ्यांची इंजिने मात्र चालू असतात!

एकदा मी शेजारच्या चाचांच्या मोटारीत बसलो होतो. चाचांनी पंचवीस वर्षे मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली. मी म्हटले, "चाचा, इंजिन बंद करा ना!"

ते हसले. म्हणाले, "बेटा, बंद करून पुन्हा चालू केले, की घोटभर पेट्रोल जास्त जाते. त्यापेक्षा चालू राहिलेले बरे."

चाचांचे म्हणणे उगाच नव्हते. त्यांच्या टॅक्सीला कार्बुरेटर होता. सकाळी थंड इंजिन सुरू करताना चोक ओढावा लागे. चोक ओढला, की इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाई. इंजिन रुसले, की चालक पायाने ॲक्सिलरेटर दाबत राही. मग आणखी पेट्रोल वाया जाई. त्या अनुभवातून हा नियम तयार झाला. पण मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. नियम मात्र राहिला आहे.

आजच्या मोटारीत पेट्रोल इंजेक्टरमधून येते. किती पेट्रोल सोडायचे, हे गाडीतील छोटा संगणक मोजून ठरवतो. गरम इंजिन तर क्षणात सुरू होते. अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने मोटारींवर मोजमाप केले. इंजिन दहा सेकंदांहून जास्त वेळ नुसते चालू ठेवले, तर ते पुन्हा सुरू करण्यापेक्षा अधिक इंधन जळते, असे त्यांना आढळले.

आता आपण हिशेब करू. लहान मोटारीचे इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण ६०० मिलिलिटर पेट्रोल पिते असे धरा. म्हणजे मिनिटाला १० मिलिलिटर. दहा सेकंदांचे पेट्रोल दोन मिलिलिटरही होत नाही. कुठे चाचांचा घोट आणि कुठे हा अर्धा चमचा! उलट, सहा मिनिटांच्या फाटकाला ६० मिलिलिटर जातात. जाता-येता १२०. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर तीन लिटर. आजच्या भावाने सुमारे तीनशे रुपये झाले. आणि आपला देश कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून विकत आणतो.

पैसे ज्याचे त्याचे, असे कोणी म्हणेल. पण धूर कोणाचा? फाटकाशी सायकल धरून उभी असलेली मुले मोटारींच्या मागेच असतात. नळीतून निघणारा वायू थेट त्यांच्या तोंडावर येतो. मला पैशांपेक्षा याचाच राग जास्त येतो. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' ही मोहीम काढली, तीही या धुरासाठीच.

याचा अर्थ ऊठसूट इंजिन बंद करावे असा नाही. रांग पुढे सरकत असेल, तर बंद करू नये. उतारावर चालत्या गाडीचे इंजिन तर कधीच बंद करू नये. त्याने ब्रेकचा जोर कमी होतो. बॅटरी अगदी जुनी असेल, तर तीही आधी बदलावी लागेल. पण फाटकवाला दांडा खाली सोडतो, तेव्हा थांबावे लागणार हे सर्वांना ठाऊक असते. तिथे सबब कसली?

मी हा हिशेब वहीच्या पानावर मांडून चाचांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी फाटक पडताच त्यांनी किल्ली फिरवली आणि मला म्हणाले, "बॅटरी बसली, तर गाडी तू ढकलायची!"